नारळ तेवढा नको

स्टाफरूमच्या कपातून मामांनी कधी चहा घेतला नाही. आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात ते लॅब अटेंडंट होते. चहा आला की खिशातून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे, त्यात ओतून घ्यायचे आणि लॅबच्या मागच्या पायरीवर जाऊन बसायचे.

"त्यांच्यात आता लय ताठा आलाय," आमचे हेडक्लार्क म्हणायचे. मामांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला. तेव्हापासून त्या घरातल्या कुणीही काहीही केलं, तरी गावाला त्याचं कारण धर्मांतराच्या पलीकडे सापडत नसे. पूर्वी यांना कपाने चहा द्यायचा नाही असं होतं, आता हेच आमच्या कपाने पीत नाहीत, असा त्या बोलण्याचा सूर असायचा.

मी साताऱ्याहून नवा आलेला, प्रोबेशनवरचा लेक्चरर. मी एकदा सरळ विचारलं. मामांनी खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. तिच्यात हळद होती. माझ्या कपाच्या काठाला ओलं बोट फिरवून त्यांनी त्यावर चिमूटभर हळद टाकली. काठ लालभडक झाला.

"कँटीनवाला सोड्याच्या पाण्यात कप बुचकाळतो अन् तसाच मांडतो. धूत न्हाई," ते म्हणाले. "तुमी रोज सोडा पिताय, सर. वर चहा."

पंधरा दिवस मीही घरून पेला नेला. मग लोक विचारायला लागले, 'काय सर, मामांचा गुण लागला का?' मी पुन्हा कपावर आलो. त्या वेळी मला हे अगदी किरकोळ वाटलं होतं.

मामा हे त्यांचं नाव नव्हतं. कॉलेजातला कुठलाही शिपाई, अटेंडंट मामाच असतो. त्यात माया असते असं आपण म्हणतो, पण नाव लक्षात ठेवायचे कष्ट त्यात वाचतात हेही खरं. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, कारण हजेरीपुस्तकात ते माझ्या नावाच्या बऱ्याच खाली होतं. मी ते कधी तोंडाने उच्चारल्याचं आठवत नाही.

मूळचे ते फौजेतले, गाड्यांच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. पेन्शन घेऊन गावी आले आणि लॅबमध्ये लागले. गाव कुंडलच्या पुढे. तिथून रोज सायकलने यायचे. अंगाला ग्रीसचा वास, आणि मी ओळखायला लागलो त्यानंतर करंजाच्या तेलाचा. हा वास एकदा नाकात बसला की जात नाही. कडू, जुन्या औषधासारखा. हेडक्लार्कना त्या वासातही जात दिसायची, मला फक्त तेल दिसायचं. निदान तेवढं तरी माझं त्यांच्याहून बरं होतं असं मी स्वतःला सांगत आलो आहे.

या तेलाचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं मीच. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तेलं आणि चरबी हा भाग शिकवताना तास संपता संपता मी म्हणालो होतो, की तेलात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळलं तर त्याचं पातळ इंधन होतं, आणि त्यावर डिझेलचं इंजिनही चालू शकतं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत येण्यासारखं नव्हतं, म्हणून मग खोडलं असणार. मागे बीकर पुसत उभे असलेले मामा मात्र तासानंतर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सर, इंजिन चालतं म्हणला. कंचं इंजिन?"

"कुठलंही डिझेलचं."

"पाच हार्सपावरचं चालंल?"

"चालायला हवं. का?"

"आमच्या वस्तीवर एक हाय. पडूनच हाय."

विजेचे खांब गावठाणापर्यंत आले होते आणि वस्तीच्या अलीकडेच थांबले होते. वस्तीची विहीर खोल. कुठल्याशा योजनेतून इंजिन मिळालं, सिमेंटची टाकी बांधून झाली, टाकीला तीन नळ बसले. फोटो निघाले. डिझेल मात्र योजनेत नव्हतं. त्यामुळे इंजिनावर कोंबड्या बसायच्या, आणि बायका पूर्वीसारख्याच दोराने पाणी ओढायच्या. मामांच्या बायकोच्या तळहाताला दोराने कायमचा वळ पडला होता. सगळ्या वस्तीतल्या बायकांच्या हाताला होता. हे मी नंतर पाहिलं.

पुढची दीड वर्षं मामांनी दुसरं काही केलं नाही. ओढ्याकाठच्या करंजांखालच्या शेंगा वस्तीवरच्या बायका वेचायच्या, बिया घाण्यावर नेऊन तेल काढायचं. कॉस्टिक तोलायला सोनाराचा जुना काटा मिळवला. तेल आंबट किती हे मोजायला आमच्या लॅबमध्ये बाटलीतलं औषध होतं, पण ते कॉलेजचं म्हणून त्यांनी घेतलं नाही. हळद घेतली. थेंबाथेंबाने कॉस्टिक सोडायचं आणि हळद लाल झाली की थांबायचं. मी एकदा माझ्या औषधाने ताळा करून पाहिला. मामांची हळद चुकली नव्हती.

ढवळायला त्यांनी मामींची ताक घुसळायची मोठी रवी घेतली. ती पुन्हा ताकात गेली नाही. यावरून घरात काय झालं असेल ते मामी मला पहिल्याच भेटीत सांगून मोकळ्या झाल्या. "आवं सर, ह्येनला काय तरी सांगा. रवी गेली, चादरी गेल्या, आता मलाच त्या पिपात घालत्यात."

चादरींचं कारण पाणी. मामांचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं. तेलात स्पिरिट आणि कॉस्टिक पडलं की त्यात पाणी जाता कामा नये. पाणी गेलं की तेलाचं इंधन होत नाही, साबण होतो. पहिल्या तीन वेळा त्यांचा साबणच झाला होता. चौथ्या वेळेपासून ते भांडी फौजेतल्या जुन्या चादरींनी तीनतीनदा पुसायचे, उन्हात तापवायचे, आणि हात लावणाऱ्यावर खेकसायचे. लॅबमध्ये मी ओला बीकर उचलला तरी मागून आवाज यायचा, "वला हाय त्यो!" इंधन तयार झालं, खाली काळा गाळ बसला, वरचं मधासारखं तेल वेगळं काढलं, की मग मात्र ते पाण्यानेच धुवायचं असतं. "पाण्याला आवतण सगळ्यात शेवटी," मामा म्हणायचे. "आदी आलं की राडा."

स्पिरिट बाजारात सहज मिळत नसे. ते विषारी, त्याला परवाना लागतो. कॉलेजकडे परवाना होता. मामा किंमत पगारातून भरायचे आणि मागणीपत्रावर मी सही करायचो. इतकाच माझा हातभार. पण मी साताऱ्याला गेलो की मित्रांना सांगताना 'आमचा प्रयोग' म्हणायचो.

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा मी वस्तीवर होतो. मामांनी हँडल मारण्याआधी इंजिनावर हात ठेवला. "ऊठ गड्या," म्हणाले, "घरचं हाय." दोनदा फुरफुरलं आणि लागलं. धुराला डिझेलचा वास नव्हता. जत्रेत भज्यांच्या कढईजवळून जाताना येतो तसा वास होता. टाकी भरायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी जागचं हललं नाही. नळ सोडल्यावर एका म्हातारीने भांडं लावलंच नाही, नुसता हात धरला. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रवीचं सार्थक झालं म्हणायचं." मला आयुष्यात कशाचा अभिमान वाटला असेल तर त्या दिवसाचा. त्या अभिमानाचं मी पुढे काय केलं ते आता सांगतो.

महिन्याला एकदा सही, तीही 'विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी' असं लिहून, हे किती दिवस चालणार अशी मला भीती वाटायला लागली. कुणी विचारलं तर मी अडकलो असतो. तेव्हा संस्थेच्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात हे सगळं अध्यक्षांसमोर करून दाखवायचं, इंजिन मैदानात चालवायचं आणि वस्तीला दरमहा स्पिरिट द्यायची लेखी परवानगी घ्यायची, असं मी ठरवलं. मामांना ते पटलं. प्रदर्शनाच्या पुठ्ठ्यावर मी 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव घातलं आणि खाली 'रसायनशास्त्र विभाग'. मामांनी पुठ्ठा वाचला. मग पुन्हा बीकर पुसायला लागले.

तयार इंधनाची बाटली दाखवून भागलं असतं. पण प्राचार्य म्हणाले, 'ते रॉकेल कशावरून नाही? साहेबांच्या डोळ्यांदेखत करा.' म्हणून असं ठरलं, की सकाळी अध्यक्षांच्या हस्ते सुरुवात, दिवसभर ते मुरणार, आणि संध्याकाळी त्याच इंधनावर इंजिन.

आदल्या दिवशी मामा माझ्याकडे आले. "बाकी काय बी करू द्या, सर. हार घालू द्या, भाषण करू द्या. उदबत्ती नगं, स्पिरिट हाय. अन् नारळ तेवढा नगं."

"का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रसायनशास्त्राचा लेक्चरर हे विचारतोय याचं त्यांना नवल वाटलं असावं. "पाणी," ते म्हणाले.

आमच्याकडे नवीन काहीही सुरू करायचं म्हटलं, की ट्रॅक्टर असो, बोअर असो की झेरॉक्सचं मशीन, त्याच्यावरच नारळ फोडतात आणि पाणी त्याच्यावरच शिंपडतात. "मी सांगतो प्राचार्यांना," मी म्हणालो. संध्याकाळी प्राचार्य भेटले तेव्हा ते मांडववाल्यावर चिडलेले होते. माझ्या कायम नेमणुकीची फाईल त्याच आठवड्यात संस्थेकडे जायची होती. त्यांना नारळ नको म्हणायची ती वेळ नव्हे असं मला वाटलं. मी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही हे मामांनाही सांगितलं नाही.

सकाळी अध्यक्ष आले. जुन्या वळणाचे, ऊसवाले, संस्था स्वतःच्या जमिनीवर उभी केलेले. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. टेबलावर स्टीलचं छोटं पिंप, त्यात कोमट केलेलं दहा लिटर तेल. मामांनी स्पिरिट आणि कॉस्टिकचं मिश्रण त्यात नुकतंच ओतलं होतं. रवी आत घालायची म्हणून झाकण उघडं होतं. मागून शिपाई तबक घेऊन आला. कुंकू, फुलं, नारळ.

अध्यक्षांनी नारळ उचलला. मामांनी पिंपावर हात आडवा धरला.

"सायेब, नारळ नगं."

नारळ तसाच वर राहिला. हेडक्लार्क मागून म्हणाले, "तुमच्यात नसंल चालत, मामा. आमच्यात चालतो."

दोघंतिघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत, दुखावले. "आरं, आमी जयंतीला तुमच्या बुद्धाला हार घालतो की. कवा न्हाई म्हणलोय का? अन् तुला आमचा एक नारळ चालंना?"

"तसं न्हाई सायेब. पाणी चालत न्हाई ह्यात. साबण हुतोय."

"नारळाच्या पाण्यानं?" अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले. "काय वो सर? एका नारळानं काय हुतंय का?"

मामाही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट सुटका होती. आता योग्य माणसाला विचारलं, असं त्यांना वाटलं असणार.

एका वाक्याचं काम होतं. 'साहेब, मामा बरोबर सांगतायत.' ते वाक्य मला येत होतं. तेच मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवत होतो. पण भरमांडवात ते म्हणणं म्हणजे नारळाच्या विरुद्ध आणि मामांच्या बाजूला जाऊन उभं राहणं होतं, आणि माझी फाईल होती, आणि मला पुन्हा कुणी 'मामांचा गुण लागला का' असं विचारायला नको होतं.

"थोड्याशा पाण्याने काही होत नाही, साहेब," मी म्हणालो.

मामांनी हात काढून घेतला.

अध्यक्षांनी पिंपाच्या काठावरच नारळ फोडला. बहुतेक पाणी आत गेलं, उरलेलं त्यांनी वरून शिंपडलं. टाळ्या वाजल्या. मामांनी रवीला दोरी गुंडाळली आणि ठरल्याप्रमाणे तासभर घुसळत राहिले. होणार काय ते त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. एवढ्या लोकांत आम्हा दोघांनाच.

दुपारपर्यंत त्याचं गार पिठलं झालं. वर मधासारखं काही नाही, खाली काळं काही नाही, नुसता पिवळट लगदा. संध्याकाळी मैदानात हार घातलेलं इंजिन तसंच उभं राहिलं. अध्यक्ष येऊन पिंपात डोकावले. एव्हाना त्यांचा राग गेला होता. "मामा, डिझेल करतो म्हणला अन् साबण केला की रं!" सगळे मोकळेपणाने हसले. मीही हसलो. तेवढं तरी करायला नको होतं.

मग प्राचार्यांनी कागद काढले. इतके दिवस स्पिरिट जात होतं कुठे, असा प्रश्न निघाला. हेडक्लार्क हळूच म्हणाले, की स्पिरिट कशाला लागतं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. मामा दारूच्या थेंबाला शिवत नव्हते, आणि ते स्पिरिट प्यायलेला माणूस आंधळा होतो किंवा मरतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. तेही मी तिथे सांगितलं नाही. स्पिरिट कॉलेजबाहेर जाऊ देऊ नये, असा आदेश निघाला.

मामांनी पिंप सायकलला बांधून घरी नेलं.

सोमवारी त्यांनी नेहमीसारखं मागणीपत्र माझ्यासमोर ठेवलं. मला वाटलं, त्यांना आदेश कळला नाही. मी तो दाखवायला लागलो.

"वाचलाय," ते म्हणाले. "तुमी सही करताय का, येवढं बघायचं हुतं."

"मामा, माझे हात बांधलेत."

"व्हय." त्यांनी कागदाची घडी घातली. "सर, नारळ नगं म्हणायला माझ्याकडं दोन कारणं हुती. धर्माचं कारण हुतं, त्ये मी कुणाला सांगितलं न्हाई. माझं मी बघून घेतलं असतं. पाण्याचं कारण तुमाला ठावं हुतं. त्ये मी बोललो की माझी जात बोलती. तुमी बोलला असता तर शास्त्र बोललं असतं." मग खिशातून कागदात गुंडाळलेली वडी काढून टेबलावर ठेवली. "त्या दिसाचा साबण. वाया कशाला घालवायचा? समद्यास्नी दिलाय. अध्यक्षांस्नी बी."

त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकाच लॅबमध्ये होतो. त्यांनी काम चोख केलं, मला 'सर' म्हणणं सोडलं नाही, आणि एक शब्द जास्त बोलले नाहीत. ओला बीकर उचलला तरी मागून आवाज यायचा नाही. मी मुद्दाम ओले उचलून पाहिले.

मी कायम झालो. एकदा कडेगावहून परतताना वाट वाकडी करून वस्तीवर गेलो. इंजिनावर कोंबड्या होत्या. मामी विहिरीवर दोर ओढत होत्या. मला पाहून त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "या सर. पाणी घ्या." मी घेतलं. दुसरं काय करणार होतो?

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी परीक्षेच्या कामासाठी इस्लामपूरला होतो. काम मीच मागून घेतलं होतं. पुढे ते गेल्याचंही मला उशिराच कळलं.

काही वर्षांनी देशभर या इंधनाचं वारं आलं. त्याला आता जैवइंधन म्हणायचं होतं. आमच्या कॉलेजला प्रकल्प मिळाला. पुण्याहून चकचकीत मशीन आलं, त्याला ढवळायची मोटर, तापमानाचे आकडे. मी तोवर विभागप्रमुख झालो होतो. उद्घाटनाला मी या क्षेत्रातल्या आमच्या विभागाच्या जुन्या परंपरेबद्दल वीस मिनिटं बोललो. अध्यक्ष थकले होते, खुर्चीतून उठवत नव्हतं. त्यांना जुनं काही आठवत होतं की नाही कोण जाणे. तबक पुढे आलं तेव्हा त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "तुमीच फोडा सर. ह्यातलं तुमाला कळतं."

मशीनचं झाकण घट्ट लागलंय ना, ते मी आधी वाकून पाहिलं. मग फोडला.